त्या हिवाळ्यात तपासलेल्या रेघा

मी आयटीआयमध्ये टर्नरचा, म्हणजे लेथ मशिनीवरच्या कामाचा, ट्रेड शिकवते. राहायला सेलूला आहे आणि रोज एसटीनं शेजारच्या तालुक्याच्या गावी जाते. ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे, त्या हिवाळ्यात माझी बाळंतपणाची रजा चालू होती आणि बाळ नव्हतं. आठव्या महिन्यात ते पोटातच गेलं. परभणीच्या दवाखान्यात सिझर झालं. मुलगी होती.

मी तिला बघितलं नाही. पडदा लावलेला होता, कमरेखालचं काही कळत नव्हतं. नंतर नर्सबाईंनी कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी हातात धरून विचारलं, "बघायचंय का?" माझी आई उशाशी उभी होती. ती म्हणाली, "नको. बघू नये. मग विसरणं होत नाही." मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. नर्सबाई थोडा वेळ थांबल्या आणि दाराबाहेर गेल्या. बाहेर माझे मिस्टर आणि मोठे दीर उभे होते. ते दोघं तिला गाडीत घेऊन आमच्या गावी गेले आणि शेतात पुरून संध्याकाळी परत आले. मिस्टरांच्या पँटला गुडघ्यापाशी काळी माती लागली होती. मी ती माती बघितली आणि पाणी मागितलं.

घरी आल्यावर दूध आलं. आईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छातीला घट्ट बांधली. दुखत होतं. दुखतंय म्हणून मी आईला सांगितलं नाही, कारण सांगावंसं वाटलं नाही. आई राहून गेली, मग सासूबाई राहून गेल्या. त्यानंतर आम्ही दोघंच उरलो. मिस्टर चारठाण्याच्या बाजूला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहेत. सकाळी मोटरसायकलवर जायचे, संध्याकाळी येताना भाजी आणायचे. मेथी आणली, गॅस संपत आला, खालच्यांनी पाण्याची मोटर लावली, एवढंच आमच्यात बोलणं व्हायचं. मग ते टीव्ही लावायचे आणि आम्ही दोघं टीव्हीकडं बघत बसायचो. काय बघितलं ते कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

रजा बरीच शिल्लक असताना एक दिवस मी म्हणाले, "मी कामावर जाते."

"टाके?"

"वाळले."

"मग जा," ते म्हणाले. अडवलं नाही. मला वाटतं, त्यांनाही घरात माझ्याकडं बघणं जड जात होतं.

प्राचार्यांनी माझा अर्ज घेतला आणि बराच वेळ तो खाली-वर वाचला. माझी बॅच कंत्राटी सरांकडं दिली होती. सत्र संपेपर्यंत ती परत मागता येणार नव्हती. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हलकं काम देऊ. बसून होईल असं." त्यांना माझ्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं, तसं ते कुणालाच कळत नव्हतं. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "अजून वय आहे तुमचं." मी "हो" म्हणाले.

मी रजेवर असताना आमचं वर्कशॉप जुन्या शेडमधून मागच्या नव्या शेडमध्ये हलवलं होतं. मशिनी जड, म्हणून मजुरांनी वरून जे जे निघतं ते सगळं काढून ट्रॉलीत टाकलं आणि नव्या शेडच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवलं. लेथचे टेलस्टॉक, मिलिंग मशिनीचे व्हाइस, फिरतं टेबल, सगळं एकावर एक. कुठलं कुठल्या मशिनीचं हे रंगानं लिहिलेलं होतं, पण रंग केव्हाच उडाला होता. उन्हाळ्यात मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा. त्याआधी एकेक वस्तू आपापल्या मशिनीला लावून तिच्यावरच्या खुणा बरोबर आहेत का ते बघायचं, चुकल्या असतील तर नव्या मारायच्या, असं ते काम होतं. बसून होण्यासारखं ते मुळीच नव्हतं, पण प्राचार्यांना ते ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

माझ्या जोडीला मशिनिस्ट ट्रेडचे सर होते. त्यांची रिटायरमेंट त्याच उन्हाळ्यात होती. गंगाखेडच्या बाजूच्या एका गावचे, घरची थोडी शेती, अंगानं आडवे, आवाज मोठा. मशिनीजवळ बोलायची सवय म्हणून ते फोनवरही ओरडूनच बोलायचे. पहिल्या दिवशी मी शेडमध्ये गेले तेव्हा ते ढिगाऱ्यापाशी स्टूल टाकून बसले होते.

"आलात? बरं झालं," ते म्हणाले. "ह्या लोकांनी लय घोळ करून ठेवलाय बघा. कुणाचं धड कुणाला न्हाई."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. मला वाकू मात्र दिलं नाही. जड वस्तू उचलायची वेळ आली की ते शिपायाला हाक मारायचे, आणि शिपाई नसला तर स्वतः ओढत आणायचे.

आधी टेलस्टॉक घेतले. लेथवर लांबट जॉब धरायचा तर त्याचं एक टोक मशिनीच्या जबड्यात आणि दुसरं टोक टेलस्टॉकच्या अणीवर टेकवतात. टेलस्टॉक दोन भागांचा असतो. वरचा भाग खालच्यावर थोडा आडवा सरकवता येतो. मागच्या बाजूला दोन्ही भागांवर एकेक रेघ असते. त्या दोन रेघा समोरासमोर आल्या म्हणजे अणी बरोबर मधोमध आली. रेघ चुकीची असेल तर मुलगा रेघ जुळवून काम सुरू करतो आणि त्याचा जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. त्याला वाटतं आपला हात चुकला.

आमच्याकडं एक तासलेला, घासलेला सरळ दांडा होता. जबड्याच्या जागीही एक अणी बसवून तो दोन अण्यांच्या मध्ये धरायचा. डायल, म्हणजे घड्याळासारखं ते मोजायचं साधन, लेथच्या सरकत्या भागावर बसवायचं आणि त्याचं टोक दांड्याच्या अंगाला टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. सुई हलली नाही तर सरळ. हलली तर टेलस्टॉकचे बाजूचे स्क्रू थोडे ढिले करून, थोडे आवळून तो सरकवायचा, आणि पुन्हा डायल न्यायचं. सुई एका जागी राहीपर्यंत हेच करायचं. मग मागं जाऊन रेघा बघायच्या. जुळत नसतील तर वरची रेघ ऑइल स्टोननं, म्हणजे धार लावायच्या बारीक दगडानं, घासून काढायची आणि खालच्या रेघेच्या समोर नवी मारायची.

मला ते काम सोसत होतं. सुईकडं बघायचं, सुई काय म्हणते तेवढंच करायचं. डोक्यात दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते कुठंच येत नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसले की बाहेर कापसाच्या गाड्या, तुरीचे उभे फड, ऊसतोडीचे तळ जायचे. ते सगळं दिसायचं आणि उतरल्यावर काहीच आठवायचं नाही. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. मी त्यांना बरोबर उत्तरं द्यायचे. कुणी म्हणालं, "धीराची आहेस गं." त्याला धीर म्हणतात का ते मला माहीत नव्हतं. मला काही होतच नव्हतं.

टेलस्टॉक झाल्यावर व्हाइस घेतले. व्हाइस म्हणजे मिलिंग मशिनीच्या टेबलावर जॉब पकडायचा लोखंडी जबडा. तो खालच्या गोल बैठकीवर फिरतो. बैठकीवर अंशांच्या बारीक रेघा असतात आणि वरच्या भागावर एकच रेघ. ती शून्यावर आणली की जबडा टेबलाला सरळ व्हायला पाहिजे. आमचे व्हाइस जुने. पडलेले, आपटलेले, कुणी कुणी हातोडीनं सरळ केलेले. शून्यावर आणले तरी एकही धड सरळ राहत नव्हता.

इथं सरांचं आणि माझं थोडं वाजलं. मी ऑइल स्टोन घेऊन पहिल्या व्हाइसची जुनी रेघ घासायला बसले, तर ते म्हणाले, "असू द्या की ती. नवी बाजूला मारा."

"दोन रेघा असल्या तर पोरं कुठली बघतील?"

"सांगायचं त्यांना, नवी बघा म्हणून."

"यंदाच्यांना सांगाल सर. पुढच्यांना कोण सांगणार? तुम्ही तर चालला रिटायर होऊन."

ते हसले नाहीत. व्हाइसवर हात फिरवत म्हणाले, "कुणीतरी नीट बघूनच मारली असंल हो ती रेघ. एकदम पुसून टाकायची म्हंजे..."

"तेव्हा बरोबर असेल. आता नाही."

मी घासायला लागले. एरवी मी एवढ्या मोठ्या माणसाशी असं तोडून बोलले नसते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण वाद वाढवला नाही. दुसऱ्या व्हाइसला त्यांनी स्वतःच स्टोन उचलून दिला.

एक दिवस सरांना बँकेत जायचं होतं. मी एकटीनं एक व्हाइस केला. टेबलावर बसवला, डायल मशिनीच्या डोक्याला अडकवलं, टोक पक्क्या, न सरकणाऱ्या जबड्याला टेकवलं आणि टेबल इकडून तिकडं नेलं. प्लास्टिकच्या हातोडीनं टिचकी मारत मारत जबडा सरळ आणला. सुई थांबली. मग बैठकीचे बोल्ट आवळले, जुनी रेघ घासली, शून्यासमोर गुण्या धरून टोचणीनं नवी रेघ ओढली आणि बारीक छिन्नीनं ती पक्की केली. काम छान दिसत होतं. मी डायल काढून पेटीत ठेवलं आणि डबा खायला बसले.

सर दुपारून आले. माझ्या व्हाइसकडं बघितलं, रेघेवरून अंगठा फिरवला. मग डायल पेटीतून काढून पुन्हा लावलं आणि टेबल फिरवलं. सुई चांगलीच हलली.

"मॅडम, बोल्ट आवळल्यावर परत बघितलं का?"

"नाही."

"आवळल्यावर सरकतंय ते. हालायलीय बघा सुई."

"हो."

हे मला ठाऊक होतं. दरवर्षी मुलांना मीच सांगते की आवळल्यावर पुन्हा बघायचं, मग रेघ. आणि कुणी विसरलं की त्याच्यावर आवाजही चढवते. सर माझ्याकडं बघत थांबले. मी चिडेन, स्वतःवर नाहीतर त्यांच्यावर, असं त्यांना वाटलं असावं. मला लाजही वाटली नाही. मी म्हणाले, "परत घासते," आणि स्टोन घेतला.

त्यांनी माझ्या हातातून स्टोन काढून घेतला. "बसा जरा. घाई न्हाई," म्हणाले. शिपायाला चहा आणायला पाठवलं. आम्ही शेडच्या दारात उन्हाला बसलो. चहा आल्यावर कप हातात धरून, समोर बघत, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आमचं बी एक गेलतं."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"पहिलंच. गावातच, घरी. पोरगा होता. जन्मला तवाच गेलेला होता. माझ्या मायनं फडक्यात गुंडाळलं अन् माझ्या हातात दिलं. मी अन् चुलता, दोघांनी गोदेच्या काठाला नेऊन ठेवलं. बायकोला दाखवलं न्हाई. तवा कोण दाखवीत होतं?"

"मग?"

"मग काय. पुढं तीन लेकरं झाली. मोठीचं लग्न झालं, जावई आले. लय वर्षं गेली. अन् एक दिवस स्वयंपाक करता करता बायको म्हणली, त्याचं नाक कसं होतं हो? मला आधी कळंनाच, कुणाचं म्हणायली. म्हणलं, कुणाचं? ती म्हणली, पहिल्याचं."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"मला आठवंना, मॅडम. फडकं आठवायलंय. चुलत्यानं पायातलं काढून ठेवलं ते आठवायलंय. पाणी किती होतं ते आठवायलंय. तोंड न्हाई आठवत. मनात आलं, खोटं सांगावं. तुझ्यावर गेलता म्हणावं. पर तोंडातून निघंना."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही न्हाई. चपात्या लाटायली होती. लाटत ऱ्हायली."

आत शेडमध्ये कंत्राटी सरांच्या बॅचनं लेथ चालू केला. मग सरांनी विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी बघितलंय न्हवं?"

"त्यांच्याच हातात दिली होती."

"तुमी इचारलं का त्यांना?"

"नाही."

"इचारा," ते म्हणाले. "मी काही इसरायचं म्हणून इसरलो न्हाई. तसंच गेलं ते."

उठून ते आत गेले आणि माझी चुकलेली रेघ त्यांनीच घासून काढली. नवी मारायला मात्र मला बोलावलं. बोल्ट आवळले, पुन्हा डायल लावलं, सुई बघितली, आणि मी रेघ मारली.

विचारायला मला वेळ लागला. संध्याकाळी मिस्टर यायचे, भाजी ठेवायचे, आणि टीव्ही लागला की तो प्रश्न राहून जायचा. त्यांनी सांगितलेलं मला सोसणार नाही असं नव्हतं. सोसायला आधी काही लागावं लागतं, आणि मला काही लागतच नव्हतं. मला भीती होती ती वेगळीच. त्यांनी सांगावं आणि मेथी आणली हे ऐकते तसं मी ते ऐकावं, याची.

शेवटी एका रविवारी गच्चीवर विचारलं. थंडी बरीच होती म्हणून आम्ही गोधड्या उन्हाला टाकत होतो. गोधडी जड, एकाला झेपत नाही, म्हणून एक टोक त्यांनी धरलेलं, एक मी.

"तुम्ही तिला बघितलं होतं ना?" मी म्हणाले.

त्यांचे हात थांबले. कुणाला, असं त्यांनी विचारलं नाही.

"बघितलं होतं."

"कशी होती?"

ते गोधडीकडंच बघत होते. मग बोलायला लागले. शाळेत पोरांना सांगतात तसं एकेक, सावकाश.

"केस लय होते. काळे. ओले होते, कपाळावर चिकटले होते. मी हातानं मागं सारले. भुवया न्हवत्या अजून, नुसती रेघ होती बारीक. खालचा ओठ तुझ्यासारखा, जाड. डोळे मिटलेले. बोटं लांब होती. नखं आली होती, पांढरी."

"आणि?"

"जड लागली मला. एवढीशी असून. दादा म्हणला, मागच्या सीटवर ठेव. मी न्हाई ठेवली. मीच मागं बसलो, परभणीपासून गावापर्यंत मांडीवर धरून नेली. रस्त्यात एका जागी खड्ड्यात गाडी आपटली तर मी तिचं डोकं धरलं. दादानं आरशात बघितलं, पण काही म्हणला न्हाई."

त्यांचा आवाज फुटला, पण ते थांबले नाहीत.

"शेतात ठेवल्यावर मी त्रिशरण म्हणलं. दादा म्हणला, एवढ्या लहान लेकराला म्हणतात का कुणास ठाऊक. मी म्हणलो, म्हणू दे मला. मग तो बी माझ्यासंगं म्हणला."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुला बघायचंच न्हवतं असं आई म्हणल्या. मला वाटलं, तुला ऐकायचं बी नसंल." मग ते म्हणाले, "मी तिला एक नाव घेऊन हाक मारली होती. गाडीत. दादाला ऐकू गेलं नसंल."

त्यांनी ते नाव मला सांगितलं. इथं ते लिहीत नाही.

ते गोधडीत तोंड घालून रडले. मी माझ्याकडचं टोक कठड्यावर टाकलं, त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मला रडू आलं नाही. पण मला तिचे केस दिसत होते, ओले, मागं सारलेले. त्यावेळेपर्यंत मला काहीच दिसत नव्हतं, फक्त तो नर्सबाईंच्या हातातला कपडा. खाली शेजारच्या बाईंनी त्यांच्या पोराला दूध आणायला हाका मारल्या. आम्ही बाकीच्या गोधड्या टाकल्या आणि खाली आलो. मी भाकरी केल्या. त्या दिवशी आम्ही टीव्ही लावला नाही एवढंच. दुपारी दोघंही झोपलो आणि अंधार पडल्यावर उठलो.

त्यानंतर लगेच काही बरं झालं असं सांगता येणार नाही. बसमध्ये मी तशीच बसायचे. कुणी हळू आवाजात बोललं की तशीच उत्तरं द्यायचे. पण घरात आता आम्ही तिच्याबद्दल बोलायचो. रोज नाही, कधीतरी. मिस्टर भांडी घासता घासता म्हणायचे, "तिचे कान लय बारीक होते, तेव्हा सांगायचं राहिलं." मी म्हणायचे, "अजून काय होतं?" ते आठवून आठवून सांगायचे. कधी कधी त्यांनी आधी सांगितलेलं परत सांगितलं तरी मी ऐकायचे. एकदा ऐकता ऐकता डोळ्यातून पाणी आलं, अगदी थोडं, आणि मी ते पुसून पुन्हा कणीक मळायला घेतली.

वर्कशॉपचं काम उन्हं तापायच्या आधी संपलं. शेवटी फिरतं टेबल राहिलं होतं, त्याची खुणेची पट्टी दोन स्क्रूंवर होती, ती नुसती सरकवून भागलं. सगळ्या वस्तूंवर आणि त्यांच्या मशिनींवर सारखेच आकडे आम्ही पंचनं ठोकले, म्हणजे पुन्हा हलवायची वेळ आली तर रंग उडायची भानगड नको. सरांनी शेवटचा आकडा ठोकला, हातोडी ठेवली आणि म्हणाले, "आता पोरांचा जॉब तिरका आला तर चूक पोराची." परीक्षा झाली. तक्रार आली नाही. नव्या सत्राला माझी बॅच मला मिळणार असं प्राचार्यांनी सांगितलं.

सरांचा निरोप समारंभ शेडमध्येच ठेवला होता. मशिनींवर कापड टाकून खुर्च्या मांडल्या. शाल, नारळ, भाषणं. सरांनी माईक असूनही ओरडूनच भाषण केलं. त्यांच्या मालकीणबाई आल्या होत्या. जरीची साडी, डोक्यावर पदर, हातात रुमाल. भाषणं झाल्यावर जेवणाची पंगत बसली तेव्हा त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. आम्ही आधी कधी भेटलो नव्हतो.

"तुमीच का त्या मॅडम?" त्यांनी विचारलं. "आमचे हे सांगत होते. रेघा मारायला संगं होत्या म्हणले."

"हो, मीच."

वाढपी आला, त्यानं वरण वाढलं, भात वाढला. त्या थांबल्या. तो पुढं गेल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "इचारलं का मग तुमी?"

सरांनी त्यांना सगळंच सांगितलं होतं तर.

"विचारलं."

"सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं."

"कशी होती?"

तोवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. भात कालवता कालवता मी सांगायला लागले. केस काळे होते, खूप. कपाळावर आले होते. भुवया यायच्या होत्या. खालचा ओठ माझ्यासारखा. कान बारीक. बोटं लांब, नखं आलेली. त्या जेवायच्या थांबल्या होत्या. मी बोलत असताना त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जसं काही त्यांना ते दिसत होतं. मी थांबले की म्हणायच्या, "अन्?"

माझा आवाज मध्येच चिरकला. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पिता येईना, म्हणून परत ठेवला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांच्या बोटांचं वरण मला लागलं, ते त्यांनी बघितलं आणि आपल्या पदरानं माझं मनगट पुसलं.

"नखं बी आलती का," त्या म्हणाल्या. "बाई."

मग आम्ही दोघी जेवलो. सर लांबून, हातात जिलबीचं ताट घेऊन, आमच्या रांगेकडं येत होते आणि येता येता प्रत्येकाला मोठ्यानं आग्रह करत होते.